ओली तार

विषय : संस्थेच्या मालकीचे एक तंतुवाद्य नष्ट करण्यास परवानगी मिळणेबाबत.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी. वाद्य विजेवर चालणारं, चार तारांचं. गज फिरवला की पोटातला संगणक शिकवलेल्या ढंगाने सूर भरायचा. संस्थेत काम करणाऱ्या अर्जदार बाईंनी ते घडवलं आणि त्याला वारलेल्या वडिलांचं वादन शिकवायचं ठरवलं. शेवटच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणात सुरांपेक्षा खोकलाच जास्त. बाईंनी सूर एकीकडे, खोकला-खाकरणं दुसरीकडे असं चिकाटीने निवडलं आणि मशीनला नेमकं दुसरं गाठोडं शिकवलं. शिकलेली माणसं चुकतातही नीटनेटकी.

चूक कळली ती आईच्या घरी, भर दुपारी. गज टेकताच वाद्य घशातून खाकरलं.

"अगं बाई... हे तर यांचंच!" आई म्हणाली.

"चुकलं गं. पुसते सगळं."

लेकीने शिकवलेलं सगळं पुसलं. मग बॅटरी काढली. वाद्य खोकतच राहिलं. तारेवरून पिवळट, चिकट धागा लोंबला. बंद तोंडाची, शिळ्या औषधाची घाण खोलीभर पसरली. लेक नाक दाबून मागे सरली. आई मात्र कधीच उठली होती, हातात फडकं आणि भांडं.

"आई, हात नको लावूस!"

"तीन वर्षं पुसलंय. आता काय किळस?"

"तुला मावशीकडे राहायला जायचंय, ती वाट बघतेय. बॅग भरलीयेस ना तू?"

"जाईन गं. एवढं मोकळं होऊ दे त्यांना..."

लेकीने वाद्य उचलून थेट संस्थेत नेलं. भांडारपालाने नाकाला रुमाल लावला. "ओली वस्तू जमा होत नाही, मॅडम. वाळवून आणा."

"वाळत नाही हो ते."

"मग मोडायची परवानगी काढा. तोवर तुमच्याच ताब्यात."

ते पुन्हा घरी आलेलं पाहून आईचा चेहरा उजळला. लेकीला त्याचीच जास्त शिसारी आली. आता आईची बॅग रिकामी आहे. ती वाद्याच्या फटीत चमच्याने कोमट पाणी सोडते, आणि ते खाली गळत नाही.

परवापासून आत दोन खोकले ऐकू येतात. दुसरा कुणा बाईमाणसाचा आहे. आईला खोकला नाही. लेकीने दोनदा विचारून खात्री केली.

'वाद्य बंद पडल्याचा दाखला जोडावा' असा शेरा समितीने मारला आहे. वाद्य चालू असल्याने दाखला मिळत नाही. अर्ज प्रलंबित आहे.