रॉइसचा दस्ता

सोमवारी सकाळी साडेसातला वेंडेल स्टँपरने शेरीफच्या ऑफिसात फोन केला आणि एवढंच म्हणाला, "रॉइसचा दस्ता चोरीला गेलाय. लॉर्नाला पाठवा."

डेप्युटी लॉर्ना प्रूइट वीस मिनिटांत पोचली. वेंडेल घरामागच्या गॅरेजात स्टुलावर बसला होता. भिंतीवरच्या अकरा रायफली जागच्या जागी होत्या. मधल्या दोन खुंट्यांवर आखूड कार्बाइनही होती, पण तिच्या मागचा, खांद्याला टेकवायचा सरकता दस्ता गायब होता. ज्या नळीवर तो सरकतो ती नुसती उघडी पडली होती.

ती कार्बाइन बार्कर फोर्क गावात सगळ्यांना माहीत होती. अडुसष्ट साली वेंडेल आणि रॉइस टॅकेट एकाच बसने फौजेत गेले. व्हिएतनामहून वेंडेल परत आला, रॉइस आला नाही. चौदा वर्षांनी वेंडेलने ट्रंकेतून एक दस्ता बाहेर काढला. रॉइसच्या बंदुकीचा आहे, म्हणाला, इतकी वर्षं बघवला नाही. त्यावर खिळ्याने कोरलेलं होतं, आर. टी. मग त्या दस्त्याला शोभेल अशी कार्बाइन त्याने एकेक भाग हुडकून जुळवली. दर मेमोरियल डेला, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनी, ती माजी सैनिकांच्या हॉलमध्ये टेबलावर ठेवायचे. रॉइसची बहीण ओडेला यायच्या, दस्त्याला क्षणभर गाल लावायच्या आणि निघून जायच्या.

यंदाचा मेमोरियल डे आठवड्यावर आला होता.

"कुलूप लावलं होतं?"

"लावलं असेल. आठवत नाही."

"दुसरं काही गेलं?"

"काही नाही."

लॉर्ना नळीपाशी वाकली. "हा काढतात कसा?"

"कळ दाबली की तो मागेपुढे सरकतो. पुरता काढायचा तर कळीची खीळ खाली ओढून धरायची. ज्याला ठाऊक नसतं तो पान्याने ओढतो आणि नळी खरवडून ठेवतो."

"ओरखडा एकही नाही."

"मग ठाऊक असलेला असेल," वेंडेल खिडकीकडे बघत म्हणाला.

बाकावर दुसरा एक दस्ता पडला होता. तिने तो उचलला. जड आणि थंडगार.

"तो नवा आहे, जुन्या धर्तीचा," वेंडेलचा आवाज जरा मोकळा झाला. "अ‍ॅल्युमिनियम, वरून विनाइलचा लेप. युद्धात सरकता दस्ता असाच असायचा. प्लॅस्टिकचे पुढे आले, दहाएक वर्षांनी. आत्ताची पोरं अडुसष्टची कार्बाइन जुळवतात आणि मागे प्लॅस्टिकचा दस्ता अडकवतात. वर लग्नाचा सूट आणि खाली अर्धी चड्डी."

"हा कोणासाठी?"

"आहे एक गिऱ्हाईक. चार्ल्स्टनचं."

नव्या दस्त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासून मुद्दाम जुनाट केल्या होत्या. बाकाखाली त्याचं खोकं होतं. त्यावरचा टपालाचा शिक्का एकोणतीस एप्रिलचा होता.

"रॉइसचा दस्ता हवा असेल असं कोणी?"

"केस्लर म्हणून एक संग्राहक आहे. युद्धातल्या बंदुकांवर पुस्तक करतोय. एप्रिलमध्ये त्याचं पत्र आलं. मेमोरियल डेला येतो, दस्ता सुटा करून आतून बघू द्या, फोटो काढतो, म्हणाला."

दुपारपर्यंत लॉर्नाने केस्लरला शोधून काढलं. तो ओरेगॉनमध्ये लेकीकडे होता, मोडलेला पाय उशीवर ठेवून. तीन आठवडे घराबाहेर पडला नव्हता. दस्ता गेला हे ऐकून तो इतका हळहळला की शेवटी लॉर्नाच त्याची समजूत घालत बसली.

तिथून ती ओडेला टॅकेटकडे गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात बाईंची तीस वर्षं गेली होती. आताही शेंगा मोडत बसल्या होत्या. कॉर्नब्रेडचा तुकडा पुढे सरकवल्याशिवाय त्या बोलायलाच तयार नव्हत्या.

"मिळेल का गं?"

"बघते, मिस ओडेला. दिसायला कसा होता, सांगा ना."

"दिसायचं काय, काळा. हलका, माझ्या केसांच्या ब्रशाएवढा. हॉलमध्ये एसी इतका लावतात की टेबल गार, बंदूक गार. पण तो कधी गालाला गार लागला नाही. मला वाटायचं, रॉइसचीच ऊब आहे." त्या कसनुशा हसल्या. "म्हातारीचे चाळे म्हण."

लॉर्नाचा हात वहीवरच थांबला. सकाळी हातात घेतलेलं ते थंडगार अ‍ॅल्युमिनियम तिला आठवलं.

चार वाजता ती परत गॅरेजात आली. वेंडेल त्याच स्टुलावर होता.

"चार्ल्स्टनच्या गिऱ्हाइकाचं नाव काय?"

तो स्टूल सरकवून बाकाकडे वळला.

"मग मीच सांगते. चुकलं तर थांबवा. गेला तो दस्ता प्लॅस्टिकचा होता. मिस ओडेलांना ते ठाऊक नाही, पण त्यांच्या गालाला ठाऊक आहे. प्लॅस्टिकचे दस्ते युद्धानंतर आले, हे सकाळी तुम्हीच सांगितलंत. म्हणजे तो रॉइसचा असूच शकत नाही. गावात कोणाला हे कळलं नसेल, तुम्हाला कळलं नाही असं होणार नाही. केस्लरने हातात घेताक्षणी ओळखलं असतं. त्याचं पत्र एप्रिलमध्ये आलं आणि एप्रिल संपायच्या आत तुम्ही खऱ्या धर्तीचा नवा मागवलात, अदलाबदल करायला. कडा घासून जुना केलात. नळीवर ओरखडा नाही, कारण खीळ ओढणारे हात तुमचेच होते. एकच कळत नाही. बदलून का नाही टाकलात?"

वेंडेलने बाकावरचा दस्ता उलटा केला. खालच्या बाजूला ताजी अक्षरं होती. आर. टी.

"काल दुपारी बसवला," तो म्हणाला. "सगळं जमलं होतं. रंग, कडा, अक्षरं. मग मी त्याला गाल लावून बघितला. बर्फ होता नुसता. ओडेलाला तेव्हाच कळलं असतं, आणि जुना ठेवला तर केस्लरला. म्हणून चोरीला गेला म्हणालो."

"पहिला कुठून आणलात?"

"त्र्याऐंशी साली, हंटिंग्टनच्या बंदुकांच्या बाजारातून. रॉइसची आई दर ख्रिसमसला विचारायची, त्याचं काहीच नाही का रे आणलंस? चौदा वर्षं विचारत होती. काय आणणार होतो मी? तो पडला तेव्हा मी चिखलात तोंड घालून पडलो होतो. त्याच्या हातात काय होतं तेही मी बघितलं नाही. तेव्हा मला दस्त्यांतलं काही कळत नव्हतं. दिसला तो घेतला. मग त्याला जोडीला कार्बाइन हवी म्हणून वाचायला लागलो, शिकलो. आणि शिकता शिकता कळलं की मी काय देऊन बसलोय."

"खोट्या तक्रारीचा कागद मला करावा लागेल."

"कर."

"त्याआधी त्यांना सांगावं लागेल. आणि ते मी सांगणार नाही."

ओडेलांच्या ओसरीवर वेंडेल उभ्यानेच बोलला. टोपी हातात होती. काही वगळलं नाही. लॉर्ना पायरीवर थांबली. ओडेलांनी शेंगांचं भांडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

त्यांनी विचारलं, "आता कुठे आहे तो?"

"गायनडॉट नदीत. काल पुलावरून टाकला."

गायनडॉट चार दिवस दुथडी भरून वाहत होती. सगळ्यांना ते दिसत होतं.

"आईच्या शेवटच्या दुखण्यात तू तो बंदुकीपासून सुटा करून आणून दिला होतास," ओडेला म्हणाल्या. "तीन महिने तिच्या उशीवर होता. दातांच्या खुणा होत्या त्यावर, मागच्या बाजूला. दुखायला लागलं की ती तोच चावायची. त्या खुणा काही तू बाजारातून आणल्या नव्हत्यास, वेंडेल."

"नाही."

"मला विचारायचं तरी होतंस."

चोर सापडला होता, कबुली मिळाली होती, आणि या बाईंच्या हातात ठेवायला लॉर्नापाशी काही नव्हतं.

मंगळवारी आणि बुधवारी ती पुलाखालच्या काठाने दोन मैल चालत गेली. गुरुवारी आणखी एक मैल. गढूळ पाण्यातून झाडं वाहत येत होती. परगण्याकडे पाणबुडे नव्हते, आणि प्लॅस्टिकच्या दस्त्यासाठी बाहेरून कोणी आलं नसतं. शुक्रवारी तिने कागद पुरा करून पाठवला.

मेमोरियल डेला टेबल मांडलं गेलं. कार्बाइन आली नाही. ओडेला आल्या, टेबलापाशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि बसायला जागा शोधू लागल्या. हॉल भरला होता. एकच खुर्ची रिकामी होती, वेंडेलच्या शेजारची. त्या तिथे जाऊन बसल्या. कार्यक्रम संपेपर्यंत दोघांपैकी कोणी मान वळवली नाही.