जोडीतली सहावी लादी

स्पेनमधल्या पोरिन्योच्या डोंगरातून निघतो तो दगड गुलाबी. गावातले ओटे गुलाबी, उंबरे गुलाबी, दफनभूमीतल्या कबरीसुद्धा गुलाबी. म्हणून बावीस वर्षं स्वित्झर्लंडमध्ये राबून परत आलेल्या साबेलाने नव्या स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी "गुलाबी नको" म्हटलं, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचं, एर्मिंदाचं, डोकंच सणकलं.

"अगं, अख्खं जग आपला गुलाबी नेतं!"

"म्हणूनच नको, ताई. झ्युरिकच्या बँकेत तोच होता. बावीस वर्षं मीच पुसलाय तो, गुडघ्यांवर बसून."

एर्मिंदाचा नवरा अमारो खाणीखालच्या कारखान्यात दगड कापायच्या करवतीवर होता. डाव्या हाताची अर्धी तर्जनी त्या करवतीनेच नेलेली. तो दोघींना कारखान्याच्या वखारीत घेऊन गेला. करडा, मधासारखा पिवळा, हिरवट, चंदेरी ठिपक्यांचा काळा, असे सगळे रंग त्याने दाखवले. प्रत्येक लादीवर मगभर पाणी ओतायचा, कारण कोरड्या दगडाचा खरा रंग कळत नाही. शेवटी एका कोपऱ्यातल्या लादीवर पाणी पडलं आणि गुलाबीतून धुरकट निळा वर आला. मधून रेड वाइनच्या रंगाची एक लांब शीर गेलेली. साबेलाने तीच पसंत केली.

नऊ वर्षं एर्मिंदा ओटा बदलायचं म्हणत होती आणि नऊ वर्षं अमारो "चाललंय की" म्हणत होता. आणि आता मेहुणीला नीट दिसावं म्हणून हा बाबा आपल्या बाहीने पाणी पुसत होता!

"मलाही ह्याच दगडातली हवी," ती म्हणाली.

वखारीचा मुकादम उबाल्दो लाद्यांवर खडूने आकडे टाकत होता. ज्या क्रमाने कापल्या त्या क्रमाने. "पाचवी साबेलाची. तू आठवी घे."

"सहावी का नको?"

"पाचवी न् सहावी एकमेकींना चिकटून होत्या, मधून कापल्यात. पुस्तक उघडल्यासारखी नक्षी असते दोघींची. अशी जोडी आम्ही एकाच घरात बसवतो. दोन घरांत देत नाही."

"दिली तर काय होतं?"

"कधी दिलीच नाही ना."

आठवीवरची शीर अर्ध्यातच संपत होती. "म्हणजे धाकटीला अख्खी आणि मला अर्धी? वा रे न्याय! मला सहावीच पाहिजे."

उबाल्दोने अमारोकडे पाहिलं. अमारोने खांदे उडवले. आठवड्याभरात दोन्ही घरांत ओटे बसले.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. मग एका सकाळी अकराच्या सुमाराला एर्मिंदा बटाटे सोलत असताना ओट्यावर कपाएवढं ओलं कडं उमटलं. तिने फडका फिरवला. फडका कोरडाच राहिला. दहा मिनिटांत कडं आपोआप वाळून गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती अकराला साबेलाकडे धडकली. साबेला ओट्याशी कॉफी पीत होती, आणि तिने कप उचलला तेव्हा खाली कडं होतं. त्याच ठिकाणी, फक्त उलट बाजूला.

एर्मिंदाने घरी येऊन विचार केला, आणि मनाची समजूत घातली, की दगड दगडाला ओळखत असेल. तिला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. धाकटीच्या घरात काय चाललंय ते घरबसल्या कळत होतं.

नंतरच्या सोमवारी कडी दोन उमटली.

मंगळवारीही दोन. बुधवारी कड्यांशेजारी तळवा उमटला, रुंद, पुरुषी. त्याची तर्जनी अर्धीच होती.

कारखान्यात अकराला अर्ध्या तासाची सुट्टी असते. साबेलाचं घर तिथून चार पावलांवर. एर्मिंदाने अमारोला एका शब्दानेही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आपण होऊन नाक कापून घ्यायचं! ती रोज अकराला ओट्याशी स्टूल ओढून बसायची आणि बघायची. त्या तळव्याशेजारी दुसरा तळवा यायचा, बायकी. मग तो पहिल्यावर ठेवलेला दिसायचा. संध्याकाळी अमारो घरी आला की ती त्याच्यापुढे सूपचं भांडं आदळायची. तो बावळटासारखा बघायचा. मेली, सख्खी बहीण! रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

दोन आठवड्यांनी तिचा धीर सुटला. अकराला पाच कमी असताना तिने साबेलाचं दार ढकललं.

साबेला एकटीच होती. रडत होती.

"आलीस? आता इथेही मिरवायला आलीस?" ती म्हणाली. "आधीच कमी दाखवतेस का? रोज अकराला तू न् दाजी हातात हात घालून बसता, आणि मी इथे ओट्यावर तुमचे तळवे बघत बसते. मला कोणी नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मी? अगं, तो तुझ्याकडे येतो ना?"

"माझ्याकडे? ओटा बसवल्यापासून एकदासुद्धा नाही!"

घड्याळात अकरा वाजले. साबेलाच्या कोरड्या ओट्यावर दोन कडी उमटली. मग अर्ध्या बोटाचा तळवा. मग त्याच्यावर दुसरा.

एर्मिंदाने साबेलाचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

संध्याकाळी अमारो शीळ घालत आला. एर्मिंदाने पहिल्यांदाच विचारलं, "सकाळी अकराला कुठे होतास?"

"हे काय विचारणं! इथेच होतो. रोज नाही का येत, तुझ्या हातची कॉफी प्यायला?" तो हसला. "तुझं खरं काही कळत नाही बाई. सकाळी एवढी गोड बोलतेस, आणि संध्याकाळी तोफखाना. मला विचारशील तर सकाळचीच तू बरी."

"अमारो, मी रोज अकराला इथे बसलेली असते. एकटी."

"बरं बरं. कर थट्टा." त्याने डबा ओट्यावर ठेवला. "आणि हा आता नको. उद्यापासून दोनला जेवायलाच ये, असं आज तूच म्हणालीस ना?"

रात्रभर ती त्याचा दंड धरून पडली. सकाळी आडवी आली, हातापाया पडली, कारखान्यात जाऊ नको म्हणाली. तो तिच्या गालाला हात लावून म्हणाला, "दोनला येतोच आहे की." भांग नीट पाडून, डबा न घेता तो गेला.

दोन वाजता तिने दाराला आतून कडी घातली आणि ओट्याशी उभी राहिली. दारावर कोणी थाप मारली नाही. दगडावर ताटांएवढी दोन कडी उमटली.

तीन वाजले. कडी वाळली नाहीत.

चारला उबाल्दोचा फोन आला.

"एर्मिंदा, अमारोला पाठव गं. दोनला घरी जेवायला जातो म्हणून गेलाय, अजून पत्ता नाही. करवत बंद पडलीय इथे."

ओट्यावरचं एक कडं नाहीसं झालं, मग दुसरं. मग एका टोकापासून ओला पट्टा सरकायला लागला. वाइनच्या रंगाच्या शिरेवरून, कोपऱ्यापर्यंत, सावकाश.

जेवणं झाली होती. दगडाच्या पलीकडे कोणीतरी ओटा पुसून घेत होतं.