एक वाटा, अठरा ग्रॅम

मिरजेतल्या बालरुग्ण विभागात श्रेया गुरव खाटेवर बसली होती. वय अकरा. दंडाला रक्तदाब मोजणारा पट्टा, आणि पडद्यावर तिच्या आजोबांना शोभेल असा आकडा. तिच्या आईनं, कल्पनाताईंनी, पिशवीतून कुरकुरीत शेवयांचं रिकामं पाकीट काढून डॉ. मंदार केळुसकरांच्या हातात दिलं.

"पट्टी हिरवीच हाय बघा, साहेब. रोज बघूनच द्यायची मी. लाल झाली असती तर हात तरी लावू दिला असता का पोरीला?"

पाकिटावरची रंगपट्टी हा केळुसकरांचाच शोध. आतल्या पदार्थातलं मीठ ओळखणारी ती शाई, एका वाट्यात, म्हणजे एका माणसाच्या एका वेळच्या खाण्यात, मीठ मर्यादेबाहेर गेलं की लाल होई. तीन वर्षांपूर्वी ती सक्तीची झाली, तरी रक्तदाब वाढलेल्या मुलांची संख्या वाढतच होती. ती का, हे पाहायला ते स्वतः आले होते.

वाटा म्हणजे किती, हे पट्टीला कुणीतरी सांगावं लागतं. ते सरकारी समितीनं ठरवलं; केळुसकरही तिचे सदस्य होते. बैठकीत उत्पादक संघाच्या वर्टीकरांनी, फार गोड माणूस, सगळ्यांपुढे शेवयांच्या बश्या ठेवल्या. "माणूस एका वेळी किती खातो, ते मोजूनच ठरवू या ना!" समोर सचिव बसलेले. चारचौघांत कोण बकाबका खाणार? नऊ सदस्यांनी चिमूटचिमूट तोंडात टाकलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. वर्टीकरांनी बश्या पुन्हा तोलल्या. सरासरी आली अठरा ग्रॅम.

"घरी कुणी असं खातं का?" ग्राहक संघटनेच्या बाईंनी विचारलं होतं. केळुसकर गप्प राहिले. पट्टी सक्तीची होणं त्यांना हवं होतं, आणि अठरा ग्रॅम मानले तर संघ विरोध सोडणार होता. त्यांनी सही केली आणि घरी जाऊन पोटभर जेवले. त्या दिवशी त्यांना लाज वाटली नव्हती. आता कल्पनाताईंसमोर मान वर होईना.

"ताई, पाकिटात नव्वद ग्रॅम आहेत," ते कसंबसं म्हणाले. "पट्टी अठराचंच सांगते. पाकिटात पाच वाटे धरलेत."

"म्हंजे पाच जणांचं?" कल्पनाताई लेकीकडं वळल्या. "आणि तू एकटी खात हुतीस व्हय गं?"

श्रेयाचा चेहरा पडला. तिनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि हळूच केळुसकरांना विचारलं, "काका, मी लई अधाशी हाय का हो?"