चुलीवरचं पाकीट

कशेळ्याच्या बाजारात खताच्या दुकानात मी भांडायलाच गेले होते. मालक जेवायला गेलेला. गल्ल्यावर नवीन पोरगा होता — रोहिदास.

"तुमचं जिवाणू-खताचं पाकीट खोटं हाय," मी म्हटलं. "गेल्या साली माझ्या शब्दावर वाडीतल्या सात घरांनी वालाच्या बियाण्याला चोळलं. वाल पिवळा तो पिवळाच. बाया म्हणतात, वनिता शिकली नि वाडी बुडवली."

"पाकीट ठेवलं कुठं होतं?"

"कुठं म्हंजे? चुलीवर, शिंक्यात. बी तिथंच ऱ्हातं आमचं. धुरानं कीड लागत नाय."

त्यानं ओठ दाबले. डोळे मात्र...

"हसू नका."

"हसत नाय. आतले जिवाणू जिते असतात. तुमी महिनाभर भाजलंत."

आधी त्याचा राग आला, मग मालकाचा. विकताना हे सांगायला त्याची जीभ झिजणार होती? आम्हाला अडाणी म्हणायला मात्र सगळे पुढे.

"या साली एकच घर पेरणार. माझं," मी म्हटलं. "हे पण फसलं तर वाडीत माझं कोण कधीच ऐकणार नाय."

भात निघालं तसा तो स्वतःच आमच्या वाडीवर आला, पाकीट ओल्या फडक्यात गुंडाळून. आंब्याच्या सावलीत आम्ही गुळाच्या पाण्यात ती काळी भुकटी कालवली, वालाला चोळली. चिकट घमेल्यात बोटांना बोटं लागली... कुणीच हात काढला नाही.

"हळू चोळा. साल निघंल."

"बियाची का माझ्या हाताची?"

तो कानापर्यंत लाल. अहो-जाहो तिथंच संपलं.

मग दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वाडीवर यायचा. वाल बघायला म्हणे. वालाकडं कमीच बघायचा.

सव्वा महिन्यानं त्यानं एक रोप मातीसकट उपटलं, मुळं बादलीत धुतली. बांधावर गेल्या साली वाल बुडालेली सोनुबाई नि वाडीतल्या चार बाया, तोंडं वाकडी करून. मुळांना गाठीच गाठी. त्यानं नखानं एक फोडली. आतून गुलाबी.

"रंग हाय म्हंजे आत जिवाणू काम करतायत."

सोनुबाईनं रोप हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "पुढच्या साली माझ्या बियाला पण चोळ गं."

मी तिथंच बांधावर बसले. रोहिदास शेजारी टेकला.

"वाल बघून झाला," मी म्हटलं. "आता कशाला येशील?"

"आता... तुझ्या बापाला भेटायचं हाय."

"बाप रानात गेलाय. आयेला भेट. घरात तिचंच चालतं."

मला वाटलं, लाजेल. तो उठला, मातीचे हात पँटीला पुसले आणि सरळ घराच्या वाटेला लागला.