कमळमावशींचा गुडघा

कांदिवलीला क्षमाचं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. मढच्या कमळमावशी मासळी विकून झाली की मंगळवारी दुपारी तिथे यायच्या. वय बासष्ट. उजवा गुडघा एकोणीस वर्षं वाकलेला नव्हता. होडीतून उतरताना पडल्या, जखम आतवर चिघळली आणि मांडीचं हाड नडगीच्या हाडाला चिकटून एकच झालं. एक्स-रेत मधे फटच नव्हती. हृदय अशक्त, म्हणून ऑपरेशनही नको.

"बिजागरीच उरली नाही मावशी, वाकणार कुठून?" क्षमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आपण खुबा बळकट करू. तो उखळीचा सांधा, चहूकडे फिरतो. सगळा भार तोच उचलतोय."

"मना खाली बसायचंय गं बाय. बाजारात सगळ्या बसतात, मीच खांबासारखी उभी."

तरी त्या येत राहिल्या.

तिसऱ्या मंगळवारी पाय उचलून धरताना क्षमाच्या तळव्याला गुडघ्याच्या वाटीखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. तिने हात काढला नाही. आत बारीक, ओलसर करकर चालली होती. पुढच्या वेळी गुडघा चांगलाच ऊन लागला. सूज नाही, लाली नाही.

"दुखतंय?"

"नाय. खाज येते. आतून."

पाचव्या मंगळवारी मावशी खाटेच्या कडेला बसल्या आणि उजवा पाय खाली लोंबला.

वाकून.

मग मावशी हळूच फरशीवर उतरल्या, मांडी घातली आणि हमसून रडायला लागल्या. क्षमाचेही डोळे भरले. या बाईला आपण नुसता धीर देतोय, ही इतक्या दिवसांची टोचणी गेली.

खालच्या मजल्यावरून लगेच एक्स-रे काढून आणला. सांध्यात स्वच्छ फट. झिजेचा मागमूस नाही. क्षमाने सुटकेचा श्वास सोडला.

मग तिची नजर जरा वर सरकली.

मांडीच्या हाडाच्या टोकापाशी आडवी काळी रेघ होती. ती लहान मुलांच्या हाडात असते; हाड तिथूनच लांब होतं. सतरा-अठराव्या वर्षी मिटते.

तिने नाव वाचलं. तारीख वाचली.

"बरं हाय ना बाय?"

मावशींचा उजळलेला चेहरा बघून तिला दुसरं काही बोलवेना. "छान आहे, मावशी."

मावशी दाराशी थबकल्या, हसल्या.

"एक गंमत सांगू? लुगडं या बाजूनं आखूड होत चाललंय."