एक भोक जास्तीचं

दाढेच्या ठणक्याने सकाळपासून तिचा जीव नकोसा केला होता. तरी दवाखान्यात पाऊल टाकलं आणि ती दाढ साफ विसरली.

बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या मधोमध, एक बुटकं गोल टेबल होतं. वर जुनी मासिकं, एक कुंडी आणि कुणाची तरी विसरलेली छत्री. पण टेबलाला असं चमचमतं सोनेरी अंग कशाला असेल? तिने आजूबाजूला पाहिलं, पर्समधून बॅटरी काढली आणि खुशाल जमिनीवर आडवी झाली. टेबलाच्या कुशीत हवेसाठी ठेवलेलं बारीकसं भोक होतं. त्याला तिने डोळा लावला.

आत लाकडाची मधासारखी भिंत होती, आणि तिच्यावर कारखान्याची कागदी चिठ्ठी. इतक्या वर्षांनी अजून चिकटलेली. असले ड्रम तिने फक्त फोटोत पाहिले होते. तिच्या अंगावर काटा आला.

"दात तिकडे नसतात," मागून आवाज आला.

ती दचकून उठली, तिचं डोकं आपटलं, कुंडी कलंडली — आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाने ती डाव्या हाताने अलगद झेलली. चेहऱ्यावर मास्क होता, पण डोळे हसत होते.

"डॉक्टर, हे टेबल नाहीये!"

"माहितीये. माझ्या आत्याचा ड्रम आहे. तिच्या घरात जागा नव्हती, माझ्याकडे टेबल नव्हतं."

"आणि तुम्ही त्यावर कुंडी ठेवता? पाणी घालता?"

"प्लास्टिकचं झाड आहे हो."

"सुटले!" तिने छातीवर हात ठेवला. मग आपण कोण ते सांगायचं राहिलं, हे तिच्या ध्यानात आलं. "मी लिलावघरात असते. जुनी वाद्यं तपासून त्यांची किंमत ठरवते. बाकीचा सेट कुठाय?"

"छोटा ड्रम माळ्यावर. झांजा कपाटामागे. आणि उभ्या ड्रमवर टॉवेल ठेवतो. आता... दाढ बघू या? का तीही माळ्यावर ठेवून आलात?"

खुर्चीत आडवी झाल्यावरही तिचं तोंड काही बंद होईना. म्हणजे, तेच तर उघडं ठेवायचं होतं. इंजेक्शनने अर्धा ओठ बधिर झाला, तरी ती सांगतच राहिली. कारखान्याने पाडलेलं भोक ते भोक. त्यानंतर कुणी एक जरी जास्तीचं पाडलं, तरी संग्राहक तोंड फिरवतो.

"मग ते बुजवायचं," तो म्हणाला. "माझा तर धंदाच आहे."

"नाऽई! बुजवलं की आऽखी उतरते!"

"आखी?"

"आऽखी! हिंमत!" बधिर ओठांतून 'किंमत'ची 'हिंमत' झाली होती.

तो इतका हसला की त्याला यंत्र बाजूला ठेवावं लागलं. मग पुन्हा वाकला. त्या हातांची हालचाल किती हलकी होती... आपण वाद्यांना लावतो तसा हात हा माणसांना लावतो, असं तिला वाटलं, आणि उरलेला अर्धा चेहराही उगाच गरम झाला.

निघताना त्याने सांगून टाकलं. आत्याला सेट विकायचाच होता. फक्त तिची एक अट होती: तो मोडून, सुटा सुटा विकायचा नाही. "रविवारी दवाखाना बंद असतो. सगळा मांडून ठेवतो. याल?"

"एऽन," ती म्हणाली.

रविवारी ती आली तेव्हा खुर्च्या भिंतीला लागल्या होत्या आणि खोलीच्या मधोमध तो उभा होता... सेट हो! डॉक्टर बाजूला होता, आज कोटाविना, निळ्या शर्टात. खिडकीतून आलेलं ऊन सोनेरी अंगावरून छताला लागत होतं आणि आख्ख्या खोलीभर उजेडाचे ठिपके हलत होते. ती दारातच थबकली. काही क्षण तिला बॅटरी, भिंग, काही सुचलं नाही.

मग तिची नजर झांजांवर गेली. त्या लखलखत होत्या. नको तितक्या.

"हे... हे काय केलंत?"

"साफ केल्या," तो अभिमानाने म्हणाला. "काळ्याकुट्ट पडल्या होत्या. दात चकचकीत करायची पेस्ट असते ना, ती लावून यंत्राने घासल्या. तुम्ही येणार म्हणून..."

तिने मटकन बसायला खुर्ची शोधली. झांजेवरची ती जुनी काळपट साय म्हणजेच तिचं वय. ती गेली, कारखान्याचा शाईचा शिक्काही गेला. भोकांबद्दल तिने त्याला तासभर ऐकवलं होतं आणि झांजांबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

"चुकलं का काही?" त्याचे कान लाल झाले.

"डॉक्टर, तुम्ही त्यांचे दात घासलेत!" तिला रडावं की हसावं कळेना. पण आजवर तिच्या येण्याआधी कुणी साधी खुर्चीसुद्धा पुसून ठेवली नव्हती, हेही खरं होतं. शेवटी ती हसलीच.

"हसतेय म्हणजे पोरगी बरी आहे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

ती आत्या होती. खुर्चीत बसली होती आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. इवलीशी बाई, पांढरे केस कापलेले, मनगटं मात्र सुताराची.

"बघ गं भिंगवाले, काय बघायचंय ते. लपवण्यासारखं काही नाही."

लपवण्यासारखं नव्हतंच, सगळं उघड्यावर होतं. उभ्या ड्रमचे पाय करवतीने कापलेले. मोठ्या ड्रमला छोटा अडकवायची पट्टी मूळ जागेवरून काढून खाली बसवलेली, त्यापायी नवी भोकं. एकेक खूण दिसली तसा तिचा जीव खाली खाली जात होता.

"हे कुणी केलं?"

"मीच," आत्या म्हणाली. "नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचे. पट्टी होती ताडमाड माणसांच्या मापाची. वाजवू की उड्या मारू? मग आणली करवत."

"पण आत्या, याची किंमत..."

"थांब."

आत्या खुर्चीतून उतरली आणि सेटमागे जाऊन बसली. आणि बघता बघता सगळं बदललं. कापलेले पाय, खाली आलेली पट्टी, जागा सोडून बसलेला ड्रम... प्रत्येक वस्तू तिच्या हाताला बरोब्बर येऊन भिडली. आत्याने आधी नुसती झांजेवर स्टिक टेकवली. मग पायाने मोठा ड्रम बोलला.

तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो जमिनीतून वर आला, तिच्या पोटात शिरला, नव्याने भरलेल्या दाढेत थरथरला. इतकी वर्षं ती ड्रम मोजत, चाचपत, उजेडाला धरत आली होती. हे असं काही त्यांच्या आत असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळे भरून आले ते तिने लपवलेही नाहीत. शेजारी डॉक्टरचीही तीच गत होती. लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून तो बघत होता, आणि त्याचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता.

आत्या थांबली, तरी झांज बराच वेळ गुणगुणत राहिली.

जिना उतरताना तो दबक्या आवाजात म्हणाला, "सेट अख्खा घेणारा एक संग्राहक आहे, म्हणालात ना? मग अहवालात ती भोकं... नाही लिहिली तर?"

ती पायरीवर थांबली. तिलाही तेच वाटत होतं, म्हणून तर राग आला. "आज मी खोटं लिहिलं, तर उद्या तुम्हाला काही सांगेन... ते तुम्ही खरं मानाल?"

"काय सांगणार आहात?"

"ते मग बघू," ती म्हणाली आणि भराभर उतरून गेली.

तिने सगळं खरं लिहिलं. झांजांसकट.

संग्राहकाचं उत्तर आलं, ते फोनवर सांगायची तिची हिंमत झाली नाही. पुढच्या रविवारी ती स्वतः आली. सेट तसाच मांडलेला होता. आत्या आणि तो चहा पीत होते.

"अख्खा नकोय त्यांना," ती खाली बघत म्हणाली. "छोटा ड्रम आणि मोठ्याच्या लोखंडी कड्या काढून घेतील. बाकीचं भंगारात." ती आत्याकडे वळली. "आत्या, मी लिलावघराची माणूस. हे मी बोलायला नको. पण विकू नका ना!"

"ठेवून करू काय गं? माझे गुडघे गेले. वाजवणारं कुणी नाही. मुक्या वाद्याकडे बघवत नाही मला."

"मला कधी हात लावू दिलात?" डॉक्टर एकदम बोलला. कप त्याने खाली ठेवला होता. "लहानपणापासून बाबांचं एकच. लांब हो, मौल्यवान आहे, भाव उतरेल! आत्या, मला फक्त तेच हवं होतं गं."

आत्याने सेटकडे बोट केलं. "मग बस की मेल्या आता."

तो बसला. स्टिक हातात घेतल्या आणि सगळाच घोळ झाला. कोपर छोट्या ड्रमला आपटलं, हात एकमेकांत अडकले. तो डावखुरा होता. आत्याने आपल्या मापाने बसवलेली पट्टी त्याच्यासाठी नेमकी उलट्या बाजूला होती.

"दुसऱ्या बाजूला घ्यावी लागेल," आत्या पुटपुटली. "म्हणजे नवं भोक."

दोघंही तिच्याकडे बघत होते. जणू परवानगी तिच्याकडेच होती.

तिने पर्स उघडली. भिंग बाजूला सारलं, पेन्सिल काढली. गुडघ्यांवर बसून सोनेरी अंगावर बोट फिरवत जागा शोधली, मोजली, पुन्हा मोजली आणि एक बारीक फुली मारली. असल्या फुलीला जन्मभर तिने गुन्हा म्हटलं होतं.

डॉक्टरने शेजारच्या सुताराकडून ड्रिल आणलं. फुलीवर टेकवलं. रोज माणसांच्या तोंडात न थरथरणारा त्याचा हात आता थरथरत होता.

"भाव उतरेल हं," तो हळूच म्हणाला.

"उतरू दे." तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "आता हलू नकोस."

नकोस... तो शब्द तोंडून गेल्यावर तिला कळलं. त्यालाही कळलं. आत्याला तर पहिल्यांदा कळलं असावं, कारण तिला अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

ड्रिल घरघरलं. लाकडाचा पिवळा भुसा दोघांच्या हातांवर सांडला. इतक्या वर्षांच्या लाकडातून ताज्या झाडासारखा वास आला. आरपार गेल्यावर तिने वाकून त्या भोकातून पाहिलं. चिठ्ठी अजून जागेवर होती.

"आता अहवालात काय लिहिशील?" त्याने विचारलं. हात त्याने काढून घेतला नव्हता.

"फेरफार एक," ती म्हणाली. "केला दोघांनी."

"आणि भाव?"

"हा सेट आता कुणी घेणार नाही. त्यामुळे..." तिने मान वर केली, "मला रोज इथे येऊनच ऐकावा लागेल."

"दाढ दुखत नसली तरी?"

"तरी."

"अरे, पट्टी बसवा की आधी!" आत्या खिडकीकडूनच ओरडली.

त्यांनी पट्टी बसवली. तो डाव्या हाताने वाजवायला लागला — अडखळत, ठेका चुकवत, पुन्हा धरत. आणि ती समोर जमिनीवर बसून, उघडपणे, त्याच्याकडे बघत राहिली.