खोली आहे, तारीख नाही

पाऊस आला की माणसं खूश होतात, निदान प्रेमकथांमध्ये तरी. त्या दिवशीही बसस्टॉपच्या छपराखाली उभे असलेले सगळे हात बाहेर काढून थेंब झेलत होते. आमची ताईसुद्धा. एकच माणूस आभाळाकडे असा बघत होता, की जणू आभाळानं मुद्दाम त्याच्या पायावर पाय दिलाय. त्याच्या बाजूला रिकाम्या प्लास्टिकच्या क्रेटची उंच चळत होती आणि तिला एका हातानं धरून तो चिंब भिजत होता, कारण छपराखाली एक तर क्रेट मावत होते नाहीतर तो.

"पावसाशी भांडण झालंय का तुमचं?" ताईनं विचारलं.

मी शाळेचं दप्तर पोटाशी धरून शेजारी उभी होते. माझा कानांवर विश्वासच बसेना. आमची ताई अनोळखी माणसाला वेळसुद्धा विचारत नाही, स्वतः अंदाज बांधते.

"माझं नाही, माझ्या द्राक्षांचं," तो म्हणाला. "तोडणी तोंडावर आलीय. आता पाणी पडलं की मणी फुगतात, तडकतात. आणि इतके दिवस साठवलेली गोडी… पातळ होऊन जाते."

ताईनं झेललेले थेंब हळूच रुमालाला पुसले. "माफ करा हं. तुमच्या देखत नको होतं."

तो हसला. झालं… एवढंच झालं खरं तर. मग त्यानं विचारलं की तिच्या हातातल्या खोक्यात काय आहे, जे ती इतकं जपतेय. ताई म्हणाली, "दात." तो दचकला. मग तिला सांगावंच लागलं, की ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, आणि आत्ता एका आजोबांचं हसू पोचवायला निघालीय. "हसू पोचवायला" हे शब्द तिनं त्याआधी कधी वापरले नव्हते. आमच्याकडे "डिलिव्हरी" म्हणते.

त्याची बस आली. क्रेटवर ठळक अक्षरं छापली होती: मळ्यातलं घर, चार खोल्या, सकाळच्या न्याहारीसह. खाली फोन नंबर. नंबर माझ्या लक्षात राहिला. उगाच राहिला असं मी आईला सांगितलं, पण बस सुटेपर्यंत मी तो ओठातल्या ओठात पाठ करत होते.

घरी आल्यावर मी ताईला विचारलं, दिसायला कसा होता गं? म्हणजे मी पाहिला होता, पण तिनं काय पाहिलं ते मला हवं होतं. दुसरी कुणी असती तर डोळ्यांबद्दल बोलली असती. ताई म्हणाली, "वरच्या सुळ्याच्या शेजारचा दात किंचित तिरका आहे. कुणी सरळ करायला घेतला तर मी हात धरीन त्याचा." एवढं बोलून ती ओट्याशी जाऊन नसलेली भांडी आवरायला लागली.

आता निमित्त हवं होतं, आणि ते घरातच होतं. आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. त्यांना कुठेतरी शांत जागी न्यायचं, असं ताईचं आधीपासूनच चाललं होतं, कारण महिन्याअखेरीला ती शिकायला दूर जाणार होती. समुद्रापलीकडे, दोन वर्षं. नुसत्या कवळ्या नाहीत, तर अपघातात गेलेला जबडा, कान, नाक असं सगळं घडवायचं शिक्षण. त्यासाठी तिनं कितीतरी वर्षं जीव टाकला होता. तिकीट काढून झालं होतं. म्हणजे चौघांनी मिळून कुठे जायचं तर त्याआधीच. मी मळ्यातलं घर सुचवलं. बाबा म्हणाले, घरी गादीवर झोप येत नाही, ती परक्या गादीवर यायला काय पाहुणी आहे? आई म्हणाली, "तुम्ही घोरता म्हणून मला येत नाही. तिथे तुम्हाला वेगळी खोली घेऊ." ठरलं.

ताई संध्याकाळी उरलेलं काम घरी आणायची. जेवणाच्या टेबलावर मेणात दात बसवायची. दोन्ही हात मेणानं माखलेले, म्हणून फोन स्पीकरवर. आणि म्हणून ही सगळी प्रेमकथा आमच्या अख्ख्या घरानं ऐकली, त्यात माझा काही दोष नाही.

पाठ केलेला नंबर मीच लावून दिला. "खोली आहे," तो म्हणाला. "पण तारीख नाही."

मग त्यानं समजावलं. तोडणीला लांबून माणसं येतात, ती घरातच उतरतात, त्या दिवसांत पाहुणे घेत नाहीत. आणि तोडणी कधी, हे त्याच्या हातात नाही. तो रोज सकाळी बागेत फिरतो, चार-दोन मणी चिरडून एका छोट्या नळीच्या काचेवर रस टाकतो आणि उन्हाकडे धरून गोडी बघतो. वाईनसाठी लागते तशी ती चोवीसवर गेली की दुसऱ्या दिवशी कात्र्या बाहेर. तोपर्यंत बाग सांगेल ते ऐकायचं.

"मग आम्हाला कळणार कसं?"

"मी रोज संध्याकाळी सांगत जाईन की," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "म्हणजे… तुमची हरकत नसेल तर."

ताईनं समोरच्या मेणाच्या जबड्याकडे बघत सांगितलं की हरकत नाही. तो जबडा तेव्हा तिच्याहून गंभीर दिसत होता.

रोज फोन यायला लागला. आधी नुसती गोडी, मग गोडी आणि हवा, मग गोडी, हवा आणि दिवसभरात काय झालं ते. कुठल्या ओळीत पक्ष्यांनी दरोडा घातला, कुठल्या खोलीची खिडकी फुगून बसलीय आणि तिचे कोणते लाड केले की ती उघडते. ताई सांगायची तिच्या माणसांबद्दल, ज्यांना तिनं कधी पाहिलेलंच नसतं. फक्त साचे येतात तिच्याकडे. त्यावरून ती ओळखते की ही बाई रागात दात आवळते, हे आजोबा एकाच बाजूनं चावतात, म्हणजे दुसरी बाजू कितीतरी दिवस दुखत असणार आणि ते कुणाला सांगत नसणार. तो म्हणाला, "माझं पण असंच आहे. वेल काही बोलत नाही. पानांवरून ओळखायचं." फोन चालू, कुणी काही बोलत नाही, आणि बाबांनी हळूच टीव्हीचा आवाज बंद केलेला.

बाबा त्याला द्राक्षराव म्हणायला लागले. फोनला उशीर झाला की ताईच्या आधी तेच घड्याळाकडे बघायचे. "काय गं, आज द्राक्षरावांची गोडी उतरली वाटतं?" ताई लाल व्हायची. मी हसले की मला म्हणायची, "तू तर बोलूच नकोस, चोंबडे." पण जाताना माझी वेणी ओढून जायची, म्हणजे राग नव्हता.

एकदा तो बागेतूनच बोलत होता. पलीकडे वारा, पानांची सळसळ, आणि त्याचा आवाज वाऱ्यात कमी-जास्त होणारा. ताईनं हातातलं मेण खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. आम्ही सगळे तिथेच बसलेलो होतो. पण ती तिथे नव्हती…

आणि मग पाऊस पुन्हा आला. दोनदा आला. चढलेली गोडी खाली आली. अंदाजानं ठरवलेली पहिली तारीख गेली, दुसरी गेली. आता ताईला निघायला एकच शनिवार-रविवार उरला होता. बुधवारी तिचं विमान.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला त्याचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. शनिवारी नक्की या, तो म्हणाला. उद्या तोडणी करतोय, शुक्रवारपर्यंत सगळं आवरून माणसं घरी जातील, तुमच्यासाठी पूर्वेच्या दोन्ही खोल्या लावून ठेवतो. आई लगेच उठून कपाटातून तिची चांगली शाल काढायला गेली. बाबा परक्या गादीबद्दल काहीच बोलले नाहीत. मी तर उडीच मारली.

ताई मात्र हसली नाही.

"आज गोडी किती होती?" तिनं विचारलं.

"अं… बरी होती."

"किती?"

"बावीस."

"चोवीस लागते ना?"

"बावीसलाही वाईन होते."

"कशी होते?"

"पातळ."

वर्षभराचं काम होतं ते. थंडीतली छाटणी, उन्हाळ्यातलं पाणी, पक्षी, कीड, ढग. एका शनिवारसाठी तो ते कच्चं तोडायला निघाला होता. आम्हाला कळलं तेव्हा आई शाल हातात धरून दारातच उभी राहिली.

"माझ्याकडे प्लास्टर घट्ट व्हायच्या आधी साचा उघडला, तर सगळे दात साच्यातच तुटून राहतात," ताई म्हणाली. "पहिल्या वर्षी मी रोज उघडायची. धीर नव्हता. थांब तू. तोडू नकोस."

तू म्हणाली ती त्याला. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. आमच्या आलं.

"मग आपली भेट?" त्यानं विचारलं.

ताईनं मेणाच्या हातानंच फोन बंद केला आणि मग कितीतरी वेळ तो पुसत बसली. पुसून झाला तरी पुसतच होती.

शनिवार आला. आम्ही कुठेही गेलो नाही. बाहेर इतकं स्वच्छ, कोरडं, चांगलं ऊन पडलं होतं की मला त्या उन्हाचा राग आला. ताई सगळा दिवस कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मोडत होती. रविवारीही ऊन. आणि सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन, "चोवीस झाली. उद्या पहाटे तोडणी."

मंगळवार. बुधवारचा आदला दिवस.

"तोडणीला माणसं कमी पडतायत का?" ताईनं विचारलं.

"नेहमीच पडतात. का?"

"दोन येतायत. एक मी, एक माझी शेपटी. खोली नको."

आई म्हणाली, वेड लागलंय का, प्रवासाच्या आदल्या दिवशी? आणि बॅग कोण भरणार? तर बाबा उठले आणि म्हणाले, "मी भरतो." बाबांनी आयुष्यात स्वतःची बॅग कधी भरली नव्हती. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग ती नुसतंच म्हणाली, की मोजे रोल करून ठेवा, कोंबू नका.

पहिल्या बसनं आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं. वेलींच्या ओळी तारांवर चढलेल्या, पार टेकडीपर्यंत, आणि पानापानावर दव. तो क्रेट उतरवत होता. ताईला पाहिलं आणि हातातला क्रेट खाली ठेवायचाच विसरला. तसाच धरून उभा. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो मालक, क्रेटबरोबर लग्नाला उभे राहिलात का?" मग ठेवला. आम्हाला एकेक कात्री दिली. बोलायला वेळ नव्हता, ऊन चढायच्या आत अर्धी बाग तोडायची होती.

एका ओळीला दोन माणसं लागतात, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. ताईच्या पलीकडे कोण होतं ते सांगायला नको. मी दोन वेल मागे होते आणि माझे कान त्यांच्यापेक्षा पुढे. पानांच्या दाटीतून त्यांना एकमेकांचे फक्त हात दिसत होते. घड धरणारा एक हात, देठ शोधणारा दुसरा… मध्येच बोटाला बोट लागायचं आणि दोन्ही कात्र्या एकदम थांबायच्या. आधी तो, पुन्हा ‘तुम्ही’वर येत, म्हणाला, तुमची बोटं फार झरझर चालतात. ती म्हणाली, तुमची फार रेंगाळतात. मग हसणं. मग नुसतं कच, कच, कच. रस मनगटापर्यंत ओघळत होता आणि ओळ संपत चालली होती, आणि दोघंही हळू होत गेले. मागच्यांनी गाठू नये म्हणून मीही हळू झाले.

शेवटच्या वेलीपाशी तो म्हणाला, "तू थांब म्हणालीस, मी थांबलो. आता मी म्हणालो तर?"

ताईची कात्री थांबली.

"नको म्हणूस," ती म्हणाली. "म्हणालास तर मी थांबेन. खरंच थांबेन. आणि मग आपलंही… पातळच होईल."

मला वाटलं, आता तो म्हणेलच. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की म्हण रे. पण त्यानं पानं बाजूला सारली. पहिल्यांदाच त्यांना एकमेकांचे चेहरे इतक्या जवळून दिसले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पोटभर, आणि पानं पुन्हा सोडून दिली. ‘थांब’ मात्र म्हणाला नाही.

आम्ही निघालो तेव्हा तो बसपर्यंत येऊ शकला नाही. तोडलेली द्राक्षं वाट बघत नाहीत, ती लगेच यंत्रात घालावी लागतात. त्यानं लांबून जांभळा हात वर केला. ताईनंही केला, तोही जांभळाच. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. मला काही विचारता आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

घरी बाबांनी बॅग भरून ठेवली होती. मोजे कोंबलेले होते. ताई टेबलाशी बसली. टेबलावर मेण नव्हतं, जबडे नव्हते, काही कामच नव्हतं. आज फोन कशाला येईल? वेलींवर एक मणी उरला नव्हता. ठरवायला तारीख नव्हती, सांगायला गोडी नव्हती. बाबांनी टीव्ही लावलाच नव्हता. आई उगाच आतबाहेर करत होती.

आणि फोन वाजला.

"बोल," ताई म्हणाली.

"बागेत सांगण्यासारखं आज काहीच नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. फोन केला."

ताईनं दोन्ही हातांनी फोन उचलून कानाशी घेतला. ती हसत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते तिनं पुसलं नाही. आईनं माझा कान धरला आणि मला फरफटत आत नेलं. बाबा आपणहून आले. दार लावून घेताना मला ताईचं एवढंच ऐकू आलं, "उद्या नको, उद्या मी आभाळात असेन. परवा कर. आणि तेरवा पण…"